पर्यावरण अभियांत्रिकी : अभ्यासक्रम आणि जमाखर्च

(अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांपुढे भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



पर्यावरण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमावर बोलण्यासाठी एका अर्थशास्त्राच्या माणसाला बोलावले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही ते वाटले. निमंत्रण स्वीकारल्यानंतर मी या विषयाची काही पाठ्यपुस्तके मिळवून वाचली. पहिल्याच प्रकरणात माझी शंका फिटली. तेथे जे शिकवले जाते, तो आमच्या शास्त्रातला जमाखर्चच आहे. फरक इतकाच, की आम्ही रुपये मांडतो आणि तुम्ही किलोग्रॅम मांडता. या दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

त्यासाठी भिलाईइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि तांदुळाच्या कालव्याचे पाणी यांवर हे शहर उभे राहिले. येथे घडलेल्या रुळांवरून देशभर गाड्या धावतात. हा आपला जमेचा रकाना. त्याच भिलाईचे नाव २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, रायपूर आणि कोरबा यांच्यासोबत, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आले. हा खर्चाचा रकाना. दोन्ही रकाने खरे आहेत. यांपैकी एकच वाचणारा माणूस चांगला अभियंता होऊ शकत नाही आणि चांगला प्रशासकही होऊ शकत नाही.

विषयाचा उगम

पर्यावरण अभियांत्रिकी हे नाव नवे असले, तरी विषय जुना आहे. पूर्वी त्यास सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत आणि तो स्थापत्य अभियांत्रिकीचा एक भाग होता. शुद्ध पाणी घराघरांत पोहोचवणे आणि मैला गावाबाहेर नेणे, एवढीच त्याची व्याप्ती मानली जाई. आपल्या शेजारच्या नागपुरात १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिचे नामांतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपण जिला 'नीरी' म्हणतो, असे झाले. या नामांतरात विषयाचा सगळा इतिहास सामावला आहे. १९७२ साली स्टॉकहोम परिषद झाली, १९७४ साली जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा आला आणि नळ व गटार यांच्या पलीकडे हवा, माती, कचरा व ध्वनी हेही अभियंत्याचे क्षेत्र झाले. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९६९ साली, जल प्रदूषणविषयक स्वतंत्र कायदा केला होता, ही गोष्ट परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी.

आज हा विषय काही महाविद्यालयांत स्वतंत्र पदवी म्हणून, तर बहुतेक ठिकाणी स्थापत्य शाखेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणून शिकवला जातो. २०२१ पासून 'गेट' परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. भारतीय अभियांत्रिकी सेवेच्या परीक्षेत आणि नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनातही पर्यावरणीय प्रदूषण व परिणाम मूल्यांकन यांचा समावेश आहे. मात्र परीक्षेसाठी व्याख्या पाठ करण्यापूर्वी या विषयाचा कणा कोणता, हे समजून घेणे हिताचे आहे.

कणा : द्रव्यसंतुलन

विद्यार्थी प्रथम गणित, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि द्रवयांत्रिकी शिकतो. त्यानंतर त्याला द्रव्यसंतुलन शिकवले जाते. एखाद्या टाकीत, भट्टीत किंवा नदीच्या पट्ट्यात जेवढे द्रव्य आत येते, तेवढेच बाहेर जाते, आत साठते किंवा त्याचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते. नाहीसे काहीच होत नाही. विधान साधे आहे, पण त्याचे परिणाम दूरगामी आहेत. 'प्रदूषण दूर केले' असे कोणी म्हटले, की या विषयाच्या विद्यार्थ्याने विचारावे : दूर म्हणजे कोठे?

हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारला नव्हता. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी एका कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे खर्च-लाभ विश्लेषण केले होते. यंत्रणेचा खर्च मांडला, नाल्याचे पाणी सुधारल्याने खालच्या गावांना झालेला लाभ मांडला आणि प्रकल्प फायद्याचा असल्याचा निष्कर्ष काढला. वर्षभराने पुन्हा तेथे जाण्याचा योग आला. नाला खरोखरच सुधारला होता. परंतु कारखान्याच्या कुंपणामागे शुद्धीकरणातून निघालेल्या गाळाचा ढीग साचला होता आणि पावसाळ्यानंतर जवळच्या दोन विहिरींचे पाणी लोकांनी पिणे सोडले होते. माझ्या तक्त्यात गाळाला रकानाच नव्हता. बेरीज अचूक होती, पण वही अपुरी होती. त्या चुकीने मला या विषयाची ओढ लावली.

पाणी आणि सांडपाणी

अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा भाग पाण्याचा आहे. तुरटीने गढूळपणा एकवटणे, निवळण, वाळूतून गाळण आणि शेवटी क्लोरीनने निर्जंतुकीकरण हा शुद्धीकरणाचा क्रम सर्वांना ठाऊक असतो. त्यातील प्रत्येक पायरी कशासाठी आहे, हे दिल्लीच्या एका घटनेवरून कळते. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतील वजीराबाद येथील पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले होते. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली होती. त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणूजन्य रोग फैलावले नाहीत, परंतु काविळीचा विषाणू मात्र त्यातून निसटला. शेवटच्या पायरीवर सगळा भार टाकता येत नाही. पाण्याचा स्रोत राखणे ही शुद्धीकरणाची पहिली पायरी होय, हा धडा त्या साथीने दिला.

आता सांडपाण्याकडे वळू. नागरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे परिमाण वापरले जाते आणि त्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते, असे गृहीत धरतात. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या १० लाखांवर होती. ढोबळ हिशेबासाठी १० लाख धरले, तर दररोज सुमारे १०.८ कोटी लिटर सांडपाणी होते. सेंद्रिय घाण मोजण्याचे माप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानावर ३ दिवस करतात. प्रत्येक लिटरमागे ही मागणी २०० मिलिग्रॅम आहे असे धरल्यास रोजचा भार २१.६ टन होतो. लिटरमागे ३० मिलिग्रॅम या सर्वसाधारण मानकापर्यंत पाणी शुद्ध केले, तरी ३.२४ टन भार नदीत जातोच. उरलेल्या भाराचे काय होते? जीवाणू त्याचा काही भाग वायूत रूपांतरित करतात आणि बाकीचा त्यांच्याच शरीरांचा, म्हणजे गाळाचा, भाग बनतो. १९१४ साली मँचेस्टर येथे विकसित झालेल्या सक्रिय गाळ प्रक्रियेच्या नावातच गाळ आहे, तो यामुळेच.

देशाचा हिशेब याहून गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचेच होत होते, म्हणजे सुमारे २८ टक्के. उभारलेली क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांतील अंतर लक्षात घ्या. ते भरून काढण्यास नवे सिमेंट-काँक्रीट लागत नाही. त्यासाठी वीज, कुशल मनुष्यबळ, जोडणीची गटारे आणि दरवर्षीची आर्थिक तरतूद लागते. येथे नागपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. भांडेवाडी येथील १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. सांडपाण्याला ग्राहक मिळाला, की ते स्वच्छ करण्याला आर्थिक आधारही मिळतो.

हवा : धुराड्याची उंची

हवेच्या अभ्यासात विद्यार्थी दोन गोष्टी शिकतो. पहिली, प्रदूषक उगमापाशी पकडण्याची साधने : चक्राकार धूळसंग्राहक, पिशवी गाळणी, विद्युतभाराने धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि पाण्याच्या फवाऱ्याने वायू धुणारे स्क्रबर. दुसरी, सुटलेला धूर वाऱ्यासोबत कसा पसरतो, याचे गणित. आपल्याकडे गंधक डायऑक्साइडसाठी धुराड्याची उंची ठरवण्याचे एक सूत्र आहे. ताशी बाहेर पडणाऱ्या वायूचे किलोग्रॅम घ्यावे, त्या संख्येचा ०.३ घात करावा आणि त्यास १४ ने गुणावे. ताशी १०० किलो वायू सुटत असेल, तर उंची सुमारे ५६ मीटर येते.

या सूत्राकडे जरा बारकाईने पाहू. उंच धुराड्यामुळे वायूचा एक ग्रॅमही कमी होत नाही. तो अधिक दूर व अधिक विरळ होऊन जमिनीवर येतो, इतकेच. जवळच्या वसाहतीचा लाभ होतो, त्याच वेळी लांबच्या गावाच्या वाट्याला थोडी घाण येते. ही वाटणी आहे. ती आवश्यक असेल, पण तिला निर्मूलन म्हणता येणार नाही. म्हणूनच २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांनी श्वास घेणाऱ्याच्या बाजूने मर्यादा घातली : सूक्ष्म कणांची, म्हणजे पी.एम. २.५ ची, वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि पी.एम. १० ची ६० मायक्रोग्रॅम. धुराडे कोणाचे, हे फुप्फुसाला कळत नसते.

पोलादाची साखळी

ही स्थलांतराची साखळी पोलाद उद्योगात ठळकपणे दिसते. कोळशापासून कोक करताना जे सांडपाणी निघते, त्यात फिनॉल, सायनाइड आणि अमोनिया असतात. पृष्ठजलात सोडताना फिनॉल लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि सायनाइड ०.२ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. पोलाद उद्योगाच्या जुन्या पद्धतीत तापलेला कोक विझवण्यासाठी असे सांडपाणी वापरले जाई. नाल्यात काही गेले नाही म्हणून जलखात्याची वही स्वच्छ राहत असे, पण वाफेबरोबर तेच पदार्थ हवेत जात. सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आधी शुद्धीकरण करणे आणि निष्क्रिय वायूने कोक कोरडा थंड करणे हे यावरील उपाय. दुसऱ्या उपायात कोकची उष्णताही वाया न जाता वाफ व वीज यांसाठी कामी येते.

याच साखळीत एक आशादायक कडीही आहे. एक टन वितळलेल्या लोखंडामागे झोतभट्टीतून साधारण ३०० ते ४०० किलो धातुमळी निघते. ती नुसती टाकली तर टेकड्या उभ्या राहतात. तीच वितळलेल्या अवस्थेत पाण्याच्या झोताने एकदम थंड केली, तर तिचे काचेसारखे दाणे बनतात आणि त्यांना सिमेंटचा गुण येतो. भारतीय मानकानुसार धातुमळी सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्क्यांपर्यंत मळी वापरता येते. भिलाईच्या परिसरात पोलाद आणि सिमेंट शेजारी नांदतात, त्यामागे चुनखडीबरोबर हेही कारण आहे. टाकाऊ वस्तू केव्हा कच्चा माल बनते, याचे उत्तर तंत्रज्ञान, अंतर आणि किंमत या तिन्हींवर अवलंबून असते.

१२ जून २०१४

आता ज्या घटनेचा उल्लेख या शहरात जपूनच करावा लागतो, तिच्याकडे वळतो. झोतभट्टीचा वायू धुळीने भरलेला असतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. तो इंधन म्हणून वापरण्यापूर्वी पाण्याने धुतात. १२ जून २०१४ रोजी येथील पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब घटला आणि ज्या मार्गाने पाणी वायूकडे जायचे, त्या मार्गाने वायू पंपगृहाकडे आला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

माझ्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा. वायू धुणारी यंत्रणा हे पर्यावरण संरक्षणाचेच साधन आहे. परंतु पाणी, वायू, वीज आणि माणूस यांचा विचार चार वेगळ्या विषयांत केला, तर ज्या ठिकाणी ते एकमेकांना भेटतात, ते ठिकाण कोणाच्याच अभ्यासक्रमात राहत नाही. हा पंप बंद पडला तर वायू कोठे जाईल? हा प्रश्न पुन्हा द्रव्यसंतुलनाचाच आहे. यंत्रणेची रचना करताना चालू स्थितीचा हिशेब करतात, तसाच बंद स्थितीचाही करावा लागतो. आज येथे बसलेल्यांपैकी काही जण उद्या अशा पंपगृहात कामावर असतील. त्यांनी हा प्रश्न विचारण्याची सवय आतापासून लावून घ्यावी.

खर्च कोणाचा?

येथून पुढे माझे शास्त्र सुरू होते. १९२० साली अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी दाखवून दिले, की ज्या हानीची किंमत उत्पादकाला मोजावी लागत नाही, ती हानी समाजाला परवडेल त्यापेक्षा अधिक होते. अशा हानीएवढा कर लावावा, असा त्यांचा विचार होता. आपल्या न्यायव्यवस्थेने १९९६ सालच्या वेल्लोर चर्मोद्योग खटल्यात 'प्रदूषकाने किंमत मोजावी' आणि 'आधीच सावधगिरी बाळगावी' ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग मानली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० मध्ये ती शाश्वत विकासाच्या तत्त्वासह नमूद आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातील अनेक तरतुदींत कारावासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आणला. अर्थशास्त्राची येथे एक साधी कसोटी आहे. पकडले जाण्याची शक्यता आणि दंड यांचा गुणाकार शुद्धीकरणाच्या बचत केलेल्या खर्चापेक्षा कमी पडला, तर यंत्रणा कागदावर चालते आणि प्रत्यक्षात बंद राहते. म्हणून नमुना घेणाऱ्या तरुण अभियंत्याची सचोटी ही नैतिक बाब तर आहेच, शिवाय सगळी धोरणे तिच्यावर तोललेली आहेत. मोजमाप खोटे असेल, तर कर, दंड आणि अनुदान हे तिन्ही खोट्या पायावर उभे राहतात.

नव्या अभ्यासक्रमात कार्बनचा हिशेबही येत आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची वर्गवारी जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड-सममूल्य उत्सर्जन असेल, तरच ते हरित मानले जाईल आणि १.६ टनांखाली आल्यास त्याला पाच तारे मिळतील. युरोपीय संघाची सीमा कार्बन समायोजन व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून संक्रमणकालीन स्वरूपात आणि १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण स्वरूपात लागू झाली. धुराड्यातील वायू आता निर्यातीच्या बीजकावर दिसू लागला आहे. किलोग्रॅमची वही आणि रुपयांची वही एक होण्याची ही सुरुवात आहे.

समारोप

मित्रांनो, पर्यावरण अभियांत्रिकीत काय शिकवतात, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर मी म्हणेन : घाण नाहीशी होत नाही, ती जागा बदलते आणि जागा बदलताना तिचा भार एका माणसावरून दुसऱ्या माणसावर जातो, हे मोजायला शिकवतात. त्यातले पहिले दोन भाग अभियंत्याचे, तिसरा अर्थशास्त्राचा व प्रशासनाचा. परीक्षेत आपल्याला एखाद्या प्रकल्पाचे मूल्यमापन करण्यास सांगितले, तर लाभ-हानीची यादी करून थांबू नका. पाणी, हवा, माती आणि माणूस असे चार रकाने आखा. प्रत्येक द्रव्य कोठून निघाले व कोठे पोहोचले ते लिहा आणि शेवटी त्याचा खर्च कोणी सोसला तेही लिहा.

या शहरात २००५ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, २०१६ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि सहा दशकांहून अधिक काळ धगधगणाऱ्या भट्ट्या आहेत. प्रयोगशाळा आणि तिचा विषय एवढ्या जवळ असण्याचे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभते. आपल्यापैकी अनेकांच्या वडील-आजोबांनी या भट्ट्या उभ्या केल्या आणि चालवल्या. देशाला पोलाद मिळाले. त्या वहीतील राहिलेले रकाने भरण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. ते प्रामाणिकपणे करा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.